जाड थेंब, बारीक थेंब

आमच्या आयसीयूत नवीन मुलगी आली की पहिल्याच दिवशी मी तिला ड्रॉवरपाशी उभी करते. सलाईनचे दोन सेट तिच्या हातात देते आणि विचारते, यातला जाड थेंबाचा कुठला नि बारीक थेंबाचा कुठला? मुली हसतात. आता पंप आहेत, आकडा दाबला की मशीनच मोजतं, थेंब कोण मोजत बसतंय! पण मी सोडत नाही. तोंडानं म्हणून दाखवल्याशिवाय कुणाला पेशंटजवळ जाऊ देत नाही. माझ्यामागं मला 'बारीक सिस्टर' म्हणतात. माझ्या अंगाकडं बघता त्यांना त्यात भलतीच मजा येत असणार. येऊ दे.

मागं एकीनं तोंडावरच विचारलं, "सिस्टर, तुमचं कधी चुकलं होतं का हो?" मी तिला औषधांचा ट्रे आवरायला पिटाळलं. कार्टी धीट होती. तिला दिलं नाही ते उत्तर इथं लिहिते आहे.

मी निपाणीकडची. घरात, गल्लीत, शिव्या द्यायला, सगळीकडं मराठीच. पण नकाशात आम्ही कर्नाटकात, त्यामुळं नर्सिंगचं शिक्षण तिथलं आणि रजिस्ट्रेशनही तिथलंच. पास झालो तेव्हा नव्वदीची मधली वर्षं होती. मला आणि माझ्या मैत्रिणीला आयसीयूचं नुसतं वेड लागलं होतं. आमच्या हॉस्पिटलात आयसीयू म्हणजे ऑफिसशेजारची एक खोली, दोन खाटा आणि एक ऑक्सिजनचा सिलिंडर. मॉनिटर आम्ही पुस्तकातल्या चित्रात बघितलेला. मैत्रिणीचा मामा नेरुळला राहायचा. त्यानं कळवलं, इकडं नवीन नवीन हॉस्पिटलं उघडतायत, नर्सा मिळत नाहीत, या. झालं! पिशव्या भरल्या आणि निघालो. वडलांनी मला सहा महिने दिले होते. तेवढ्यात पक्की नोकरी लागली तर ठीक, नाहीतर परत यायचं आणि त्यांनी बघून ठेवलेल्या स्थळापुढं पोहे घेऊन बसायचं. मुलगा तंबाखूच्या वखारीत होता. वाईट नव्हता बिचारा, पण मला जायचं नव्हतं.

नर्सा मिळत नाहीत म्हणे! वाशी, नेरुळ, बेलापूर, जिथं जावं तिथं पहिला प्रश्न तोच. महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन आहे का? नाही. तिकडच्या कौन्सिलनं आमची कागदं इकडच्या कौन्सिलकडं पाठवायची, मग इकडचे तपासणार, मग नंबर देणार. किती दिवस? ते कुणालाच ठाऊक नाही. एका ठिकाणच्या मॅनेजरनं तर वर विचारलं, "एवढं चांगलं मराठी बोलताय, मग कर्नाटकच्या कशा?" आता त्याला सगळा सीमाप्रश्न समजावत बसू का काय? मैत्रीण म्हणाली, "आमच्या आईबापाला विचारा." तिथली नोकरी तिथंच गेली.

शेवटी वाशीतल्या एका खासगी हॉस्पिटलानं आम्हाला घेतलं. मैत्रीण कॅज्युअल्टीत, मी आयसीयूत. कागद येईपर्यंत 'ट्रेनी' म्हणून. काम सगळं करायचं, पण चार्टवर सही करायची नाही, कारण कायद्यानं आम्ही महाराष्ट्रात नर्स नव्हतोच. माझ्या नोंदींखाली आयसीयूच्या मोठ्या सिस्टर सही करायच्या. त्या केरळच्या, वीस वर्षं इकडं काढलेल्या. हिंदी त्यांच्या पद्धतीनं बोलायच्या आणि आम्हा पोरींना 'मोळे' म्हणायच्या. मोळे म्हणजे मुलगी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मोळे, काम तेरा, नाम मेरा. गलती मत करना."

राहायला खोली मिळाली नेरुळजवळच्या करावे गावात. सोसायट्यांचे फ्लॅट दोन एकट्या पोरींना कोण देतंय! गावातल्या एका जोडप्यानं त्यांच्या घराची मागची खोली दिली. काका खाडीत मासेमारी करायचे, मावशी ते मासे घेऊन बाजारात बसायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मावशींचं तोंड सदा सुरू. "काय गो पोरी, जेवलीस का?" हा प्रश्न दिवसातून चार वेळा. नाही म्हटलं तरी ताट यायचंच, आणि जेवलेय म्हटलं तरी यायचंच.

काका कमी बोलायचे. मी ड्यूटीवरून यायचे तेव्हा ते दाराच्या पायरीवर बसून जाळं दुरुस्त करत असायचे. माझ्या युनिफॉर्मवर छातीशी टाचलेलं घड्याळ असायचं, उलटं टांगलेलं. त्याचं त्यांना फार नवल.

"पोरी, तुजा घड्याल उलटा कशाला?"

"माझ्याकडनं बघितलं की सुलटं दिसतं काका. नाडी मोजायला हात मोकळे राहतात."

"मंग आमाला कवा दिसनार?"

तेव्हापासून रोज तो आमचा खेळ. मी दिसले की ते विचारायचे, "किती वाजला गो?" मी सांगायचे. मग ते खाडीकडं बघून मान हलवायचे, माझं घड्याळ बरोबर चाललंय याची खात्री केल्यासारखी. त्यांना भरती-ओहोटीवरून वेळ माझ्यापेक्षा नेमकी कळायची. तरी विचारायचेच.

ते घड्याळ माझा मोठा अभिमान होता. त्यात बघून थेंब मोजण्यात मी आमच्या बॅचमध्ये पहिली. ट्यूटर मॅडमनी मला उभी करून सगळ्यांना दाखवलेलं, बघा, सलाईन असं लावतात. आता थेंबांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सलाईनच्या नळीचे दोन प्रकार. एकातून जाड थेंब पडतो. तसे पंधरा-वीस पडले की एक मिलिलिटर होतो. दुसरीत आत बारीक सुई असते. तिचे साठ पडावे लागतात. आमच्या तिकडच्या हॉस्पिटलात जाड थेंबाचीच नळी. बारीक थेंबाची लहान मुलांच्या वॉर्डात एखादी, तीही कुलपात. आमच्यासाठी सेट म्हणजे सेट. आणि वाशीच्या आयसीयूत बीपी वाढवायचं औषध, डोपामिन, कायम बारीक थेंबानंच जायचं. ते सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की डॉक्टर नुसतं 'दहा ड्रॉप' म्हणायचे. बारीक हा शब्द कुणी उच्चारतच नसे. तिथल्या मुलींचा हात आपोआप खालच्या ड्रॉवरकडं जायचा. मी तिथं लागून जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि तोवर ते औषध माझ्या हातानं एकदाही लागलं नव्हतं. लावलेल्या बाटल्या मी नुसत्या बघितल्या होत्या. थेंब पडतोय ना, एवढंच बघितलं होतं.

त्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी. सव्वादहाला कॅज्युअल्टीतून मैत्रिणीचा फोन आला. "अगं, काकांना आणलंय. हार्टचं आहे. वर पाठवतेय." गावातली माणसं सरकारी दवाखान्यात न्या म्हणत होती, पण मावशी ऐकेनात. "आमच्या पोरी हायेत तिथं," म्हणाल्या आणि रिक्षा वाशीकडं वळवायला लावली. हे मला मैत्रिणीनं नंतर सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

काका घामानं निथळत होते. बीपी सत्तर. डॉक्टरांनी तपासलं, मोठा अटॅक आहे म्हणाले, मावशींना तसं सांगितलंही. मला म्हणाले, "डोपामिन लाव. दहा ड्रॉप." तेवढ्यात पलीकडच्या पेशंटचा श्वास अडकला आणि डॉक्टर नि मोठ्या सिस्टर दोघंही तिकडं पळाले. मी एकटी. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला होता. आपला माणूस, आपल्या हातात, आता आपण दाखवून देऊ! बाटलीत औषध भरलं. वरचा ड्रॉवर उघडला, हाताला आला तो सेट घेतला, लावला. घड्याळ हातात धरलं आणि मिनिटाला मोजून दहा थेंब बसवले. अकरावा पडू दिला नाही. पावणेअकरा वाजले होते.

बीपी चढायला लागलं. ऐंशी. शंभर. एकशेदहा. काकांच्या तोंडावर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "किती वाजला गो?"

मी रडलेच. "अकरा वाजून दहा मिनिटं काका," म्हटलं आणि धावत बाहेर गेले. मावशी पॅसेजमध्ये खाली फरशीवर बसल्या होत्या. "मावशी, चला आत! काका बोलतायत! सुधारतायत!" आयसीयूत नातेवाइकांना सोडत नाहीत, पण मी त्यांना हाताला धरून आत नेलं. कोण काय बोलेल याची मला फिकीर नव्हती. त्या काकांच्या उशाशी वाकल्या. दोघं काहीतरी बोलले. मी मुद्दाम लांब उभी राहिले, मॉनिटरकडं पाठ करून. मॉनिटरवर नाडी दीडशेच्या पुढं गेली होती, आणि मी नवरा-बायकोला बोलू देत होते.

मग मॉनिटर ओरडायला लागला. मावशींना बाहेर काढलं. डॉक्टर आले, शॉक दिले, छाती दाबली. त्या गडबडीत मोठ्या सिस्टरांची नजर वर बाटलीकडं गेली आणि तिथंच थांबली. त्यांनी हात वर करून नळी बंद केली. पाऊण तास सगळे झटले. काका परत आले नाहीत.

नंतर मोठ्या सिस्टरांनी मला औषधांच्या खोलीत नेलं आणि दोन सेट माझ्यासमोर धरले. एका हातात मी लावलेला, दुसऱ्या हातात खालच्या ड्रॉवरमधला. "मोळे, ये तूने लगाया?" तेव्हा मला कळलं. तिथल्या बेसिनवर मी ओकले. तिप्पट, कदाचित चौपट औषध गेलं होतं.

"मी डॉक्टरांना सांगते," म्हटलं.

"काय सांगणार? कोण तू? इथल्या कागदावर तू नाहीसच," हे त्या हिंदीतून म्हणाल्या, पण मला ते असंच आठवतं. त्यांची सही होती त्या नोंदीखाली. माझी चूक बाहेर आली असती तर त्यांचं वीस वर्षांचं रजिस्ट्रेशन गेलं असतं, माझं तर यायच्या आधीच गेलं असतं. मी निपाणीला परतले असते. मग त्या जरा मवाळ झाल्या. अटॅक फार मोठा होता, बरोबर थेंबानंही ते वाचले असते असं नाही, म्हणाल्या. मी विचारलं, "वाचले नसतेच ना? नक्की ना?" त्यांनी तो सेट पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली. चार्टवर 'डोपामिन, दहा ड्रॉप' लिहिलेलं होतं, आणि मोजून दहाच ड्रॉप होते. कुणी तपासलं असतं तरी सापडलं नसतं.

मी गप्प बसले. कुणी माझ्या तोंडावर हात दाबला नव्हता. मला नोकरी हवी होती, म्हणून मी गप्प बसले.

त्यानंतर करावेत राहणं म्हणजे शिक्षा झाली. पायरी तिथंच. जाळं तिथंच, खुंटीला, अर्धं दुरुस्त केलेलं, दोरा लोंबत असलेलं. मावशी त्याला हात लावेनात. दुपारी ड्यूटीवरून यायचे तेव्हा गल्लीच्या वळणावरच मी रेंगाळायला लागायचे. लख्ख ऊन असायचं, शेजारच्या बायका सुकट वाळत घालत असायच्या, आणि मला पायरीवरून स्पष्ट ऐकू यायचं, "किती वाजला गो?" दचकून हात घड्याळाकडं जायचा. मी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवायला लागले. तरी ऐकू यायचंच. भूतबीत मी मानत नाही, पण भीती वाटायची. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखाच होता, चौकशी केल्यासारखा.

आणि मावशी! ताट बंद झालं नाही. उलट गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या मला दाखवायच्या. "या पोरीनी यांना परत आनला होता. वीस मिन्टा का व्हयना, माज्याशी बोलले. दुसरीकरं नेला असता तं तोंड पन दिसला नसता." मी मान खाली घालून भाकरी चिवडत राहायचे. बायका माझ्या तोंडावरून हात फिरवायच्या. अंगाची आग व्हायची माझ्या.

बाराव्याच्या दिवशी माझा कागद आला. घर माणसांनी भरलेलं, अंगणात स्वयंपाक चाललेला, आणि पोस्टमननं लांब पाकीट मावशींच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सरकारी शिक्का ओळखला. इतक्या दिवसांत रोज विचारायच्या, आला का गो तुजा कागद? त्या सगळ्या माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या आणि पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. "यांनीच धारला बघ वरून," म्हणाल्या. मी महाराष्ट्रात नर्स झाले ती अशी.

मैत्रिणीला मी काही बोलले नव्हते. पण ती कॅज्युअल्टीतली, तिला वास येतोच. एकदा कपडे घडी करता करता म्हणाली, "तू झोपेत आकडे मोजतीस गे. दहापर्यंत जातीस नि थांबतीस." मी म्हटलं, असेल. वर्षभरात ती मस्कतला गेली. मी हॉस्पिटलच्या होस्टेलवर राहायला गेले. निघताना मावशींनी डोळ्याला पदर लावला, आणि मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. किती नीच असतं बघा माणूस.

सुटले कुठली! वाशीत तर बाटल्याच बाटल्या. दोन वर्षं काढली. पर्मनंट झाले, चार्टवर माझी स्वतःची सही यायला लागली, वडील गावभर सांगत फिरले. आणि प्रत्येक सहीच्या वेळी मला वाटायचं, एक राहिली आहे. एक दिवस सुट्टी होती. बस पकडली, करावेला गेले. ठरवून गेले होते.

मावशी थकल्या होत्या. मला बघून हरखल्या. कोलंबीचं कालवण होतं, तांदळाची भाकरी टाकायला बसल्या. म्हटलं आधी बोलते, पण ऐकतील तर ना! ताट वाढलं, समोर बसल्या, "खा," म्हणाल्या. मी पहिला घास मोडला आणि तसाच हातात धरून सांगितलं. सगळं सांगितलं. दोन नळ्या, जाड थेंब, बारीक थेंब, वरचा ड्रॉवर. तिप्पट औषध गेलं हे. मोठ्या सिस्टरांचं नाही सांगितलं. मला कुणीच विचारलं नाही म्हणून गप्प राहिले, असं म्हटलं. तेही खरंच होतं.

त्यांनी हात पदराला पुसले. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "मंजे ते बोलले, ते तुज्या त्या जास्तीच्या अवशदानी?"

"हो. बहुतेक."

"नि गेले ते पन त्यानीच?"

"माहीत नाही मावशी. देवाशपथ माहीत नाही. कदाचित."

"तुना त्या दिसी ठावं होता?"

"तुम्हाला आत नेलं तेव्हा नव्हतं. दुपारी कळलं."

"नि बाराव्याला तू इथं जेवलीस."

मी मान हलवली.

"तवा ते काय बोलले, तुना म्हाईत नाय," त्या म्हणाल्या. "मना म्हनले, पोरीना उपाशी नको ठेवू. मी आज नाय उद्या घरा येतो." त्यांचा आवाज चढला नाही की फुटला नाही. मी रडायला लागले तशी त्या म्हणाल्या, "ररू नको. जेव."

मी जेवले. ताटातलं सगळं संपवलं. त्यांनी मधे एकदा कालवण वाढलं, मी नको म्हटलं नाही. ताट उचलून मोरीत नेलं, धुवायला घेतलं तर त्यांनी माझ्या हातातनं काढून घेतलं. दारापर्यंत आल्या. खुंटीवर जाळं नव्हतं. कुणाला दिलं की काय झालं, विचारायचा मला हक्क उरला नव्हता.

"जेवलीस ना पोटभर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग आता परत येव नको," म्हणाल्या, आणि मी पायरी उतरेपर्यंत दार उघडं धरून उभ्या राहिल्या.